माळ्यावरचा फोन आणि जाऊबाईंचा घसा

शिंप्यांच्या ग्रुपवर तुम्हीच म्हणालात, बटणवाल्या बाईंबद्दल कुणीतरी चार ओळी लिहा. मग दोन दिवस सगळे गप्प. शेवटी एकानं लिहिलं, त्यांच्या धाकट्या जाऊबाईच लिहितील. ती धाकटी जाऊ म्हणजे मी. चौथी शिकलेय आणि एका बोटानं लिहितेय, तेव्हा चार ओळींत आवरेल असं काही नाही.

जाऊबाईंना जाऊन सव्वा महिना झाला. झोपेतच गेल्या. मी त्यांना ताई म्हणायचे, इथंही ताईच म्हणते. रडायचं ते घरी रडून झालंय, अजूनही भांडी घासताना मधूनच येतं. पण रडत रडत लिहिलं तर त्या जिथं असतील तिथून एक कार्ड पाठवतील, "पुरे." कार्डाचं काय ते सांगते पुढं.

तुम्ही बहुतेकांनी ताईंना पाहिलेलंच नाही, फक्त ऐकलंय. तर आधी दुकान सांगते. दुकान एवढंसं. शटर उघडलं की दोन पावलांवर काउंटर, काउंटरमागे ताईंची खुर्ची, खुर्चीमागे भिंत. संपलं. माल सगळा वर माळ्यावर. छताला चौकोनी भोक आहे, त्याला अकरा पायऱ्यांची लोखंडी शिडी. वर मी आणि चारशेच्या वर डबे. प्रत्येक डब्यावर बाहेरून एक बटण शिवलेलं, म्हणजे वाचायला नको. ती सोय ताईंनी माझ्यासाठी केली, मी दुकानात आले त्याच आठवड्यात.

फोन खाली. तुमच्यातलं कुणी फोन करायचं, कोटाला पाच बटणं पाहिजेत, चार भोकांची, रंग असा असा. ताई मान वर करून ओरडायच्या. मी डबे हुडकून खाली ओरडायचे. मग पत्र्याच्या डबड्यात बटणं घालून दोरीनं खाली सोडायचे. अशी एकोणीस वर्षं. रंगांची नावं पण ताईंचीच. ओल्या विटेचा. जुन्या कपाचा. दवाखान्याच्या दाराचा हिरवा. तुम्ही पण शिकलात ती. आता दुसऱ्या दुकानात जाऊन जुन्या कपाचा रंग मागितला तर ते तुमच्याकडे बघत बसतील.

आणि फोनवर हात ठेवायची ताईंना सवय नव्हती. त्यामुळे तुम्ही थांबलेले असताना आमच्या घरातलं सगळं ऐकायचात. माझ्या नवऱ्याचे तीन दात काढले ते माझ्या सख्ख्या बहिणीच्या आधी तुम्हाला कळलं होतं.

तर चार वर्षांपूर्वी ताईंचा घसा बसला. बसला तो उठेचना. गरम पाणी झालं, वाफ झाली, गळ्याला मफलर झाला. एक नवीन गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, दादा, बटणवाल्या बाईंना द्या जरा. ताई म्हणाल्या, बाई जेवायला गेल्यात, मला सांगा. फोन ठेवून हसल्या, पण हसण्याचा पण आवाज येईना, तेव्हा मी त्यांना ओढत घशाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं. म्हणाला, आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींवर आपटून आपटून दोन्हीकडं मोहरीएवढ्या गाठी आल्यात. काम काय करता? मी सांगितलं, बटणं विकतात. त्याला काही पटेना. मग मी शिडीचं, माळ्याचं, ओरडण्याचं सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, म्हणाला. कुजबुजायचं पण नाही. त्यानंतर अडीच महिने हळू बोलायचं, ओरडणं बंद. गाठी विरल्या तर ठीक. नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर आवाज राहील हे मी लिहून देणार नाही.

आता आमचं दुकान म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे ताईंचा आवाज. तो गेला तर शटर ओढायचं. येताना दोघी रिक्षात गप्प. त्या गप्प कारण बोलायचं नव्हतं, आणि मी गप्प कारण मला त्या आवाजाशिवाय दुकानच डोळ्यापुढं येईना.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचं बोलणं कार्डांवर सुरू झालं. ज्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर आपण डझनाची बटणं लावतो ना, मागं दुकानाचा नंबर छापलेली, त्यावर. फोन मी घ्यायचा, शिडी चढायची, बटण काढायचं, शिडी उतरायची, सांगायचं. चुकलं की ताई कार्ड दाखवणार, परत चढायचं. आम्ही भांडलो पण कार्डावरच. त्या लिहिणार, मी एकेक अक्षर लावून वाचणार, वाचून होईस्तोवर दोघींचा राग उतरलेला असायचा. माझे गुडघे मात्र पाचव्या दिवशीच बोलायला लागले.

ताई पथ्य पाळत होत्या असंही नाही. सहाव्या दिवशी एका माल टाकणाऱ्या टेम्पोवाल्यानं शटरसमोर गाडी लावली. मी वर होते. खालून अशी काही हाक आली की माझ्या हातातली बटणं सांडली. टेम्पो गेला. मी खाली येऊन पाहते तर ताई गळा धरून बसलेल्या, डोळ्यात पाणी. कार्डावर लिहिलं, "सवय गं." मला इतका राग आला आणि इतकी भीती वाटली. मी म्हटलं, ताई, असं नाही चालायचं. काहीतरी फोनची सोय करू, की तुम्हाला वर ओरडायलाच नको.

पहिल्यांदा एका कंपनीचा माणूस आला. टाय, बॅग, चमकणारी वही. त्यानं सांगितलं, फोन मशीनच उचलेल, बाई गोड आवाजात बोलेल, बटणांसाठी एक दाबा, चेनसाठी दोन दाबा, लेससाठी तीन. खाली एक फोन, वर एक, घरी एक. दरमहा भाडं आणि दोन वर्षं सोडता येणार नाही. बोलत होता फार छान. ताईंनी सगळं ऐकलं आणि कार्ड सरकवलं. "गिऱ्हाईक म्हणालं ओल्या विटेचा, तर कितवं दाबायचं?" त्यानं वही उलटीपालटी केली. म्हणाला, विचारून सांगतो. अजून विचारतोय.

मग ताईंच्या मुलाला विचारलं. तो लांब नोकरीला. तो म्हणाला, कशाला ते जुनं लफडं, दोन स्वस्तातले मोबाईल घ्या, एक खाली एक वर, झालं. आम्ही त्याचाच जुना मोबाईल वर नेऊन बघितला. माळ्यावर पत्रा, त्यात लोखंडी रॅक, रेंज कुठली यायला. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं की एक काडी यायची. मी तशी लोंबकळून गिऱ्हाइकाला विचारते, दवाखान्याच्या दाराचा हिरवा, मागं दांडी असलेलं बटण पाहिजे ना. समोरचा न्हावी दाढी करता करता म्हणाला, नाही हो वहिनी, मला नको. शिवाय मोबाईलचा नंबर नवा, आणि आपला नंबर छापलेली कार्डं गावोगावच्या शिंप्यांच्या खणात पडलेली. तो कसा सोडायचा?

तोवर ताईंनी एक काम केलं, ते मला तेव्हा रिकामपणाचं वाटलं. आठवडाभर त्या एका पुठ्ठ्यावर रेघा मारत होत्या. फोन आला की रेघ. मी वर गेले तर रेघेला डोकं. नुसतं दुकान उघडं आहे का विचारायला असला तर आडवी रेघ. शनिवारी मला दाखवलं. दिवसाला साधारण तीस फोन. त्यातले एकोणीस वर जायचे. सहा-सात नुसते उघडं आहे का. आणि मघाशी फोन लागत नव्हता, असं आठवड्यात फक्त दोघांनी म्हटलं.

तो पुठ्ठा घेऊन मी कोपऱ्यावरच्या तारवाल्याकडं गेले. तारवाला म्हणजे जुने फोन दुरुस्त करणारा म्हातारा, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, म्हणून तारवाला. त्यानं पुठ्ठा बराच वेळ बघितला. मला वाटलं त्याला पण वाचता येत नसेल. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला बाहेर जास्त बोलायचंच नाहीये. तुम्हाला वर बोलायचंय. वर बोलायला कंपनीला कशाला पैसे देता?"

इतकं साधं. आम्हाला दोघींना सुचलं नव्हतं.

त्याच्याकडं एक वापरलेला जोड होता. एक टेबलावरचा फोन, त्यात छोटा स्पीकर, आणि त्याचाच एक बिनतारी फोन, हातात घेऊन कुठंही जायचं. लाईन तीच, नंबर तोच. खालून एक बटण दाबलं की वरचा वाजतो, आतल्या आत बोलायचं, त्याचं बिल येत नाही. तेवढ्या वेळ गिऱ्हाईक थांबून राहतं. सगळा जोड त्या टायवाल्याच्या तीन महिन्यांच्या भाड्यात आला, आणि बॅटरी खराब निघाली तर वर्षभर बदलून देईन म्हणाला. ताईंनी कार्डावर एकच शब्द लिहिला. "घे."

सोळाव्या दिवशी बसवला. तारवाला खाली ताईंना सगळं समजावत होता आणि मी वर खोकी हलवून त्या फोनच्या स्टँडला जागा करत होते. वापरायचं कसं ते ताईंनी कार्डावर लिहून डबड्यातून वर पाठवलं. मी वाचलं, "वाजला की हिरवं दाब आणि बोल. रात्री स्टँडवर ठेव." बास, समजलं. ते कार्ड मी दोऱ्यानं रॅकला टांगून ठेवलं.

तुमच्यातल्या काहींनी तेव्हा तक्रार केली होती, आठवतं का. फोनवर थांबलं की आता काहीच ऐकू येत नाही, करमत नाही म्हणे. घरात काय चाललंय ते तरी सांगत जा.

तर आमचं छान चाललं. ताई खाली हळू आवाजात विचारायच्या, मी वर फोनमध्ये सांगायचे, फोन डब्यांवर ठेवायचे आणि कामाला लागायचे. आता मला एकटीनं बोलायची सवय आहे. वर कोण ऐकणार, चारशे डबे. एकोणीस वर्षं मी त्या डब्यांशी बोलत आले. तेव्हापण बोलत होते. हे स्टूल कुणी केलंय, माणसासाठी की कोंबडीसाठी, गुडघे कानाला लागतात. असं मी सोमवारी म्हणाले असेन. बुधवारी सुतार पाठ असलेलं उंच स्टूल घेऊन आला.

मला आपलं वाटलं, आजारपणात माणूस मऊ होतं.

मग झरोक्याचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मी करवादले, तर दोन दिवसांत अस्तराच्या तुकड्याचा पडदा शिवून डबड्यातून वर. चहा नेहमी खालचा पिऊन झाल्यावर वर येतो, गार, साय धरलेला, असं बोलले, तर थर्मास आला. एकदा मी म्हणाले, दुपारी काउंटरवर डोकं टाकून घोरतात, कुणी काउंटरसकट उचलून नेलं तरी कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर ताई दुपारभर खुर्चीत ताठ, डोळे लाल, पापणी पडली की दचकून सरळ. मी विचारलं, झोपत का नाही? म्हणाल्या, झोपच येत नाही हल्ली. मी घरी ह्यांना सांगितलं, ताईंचं काहीतरी बिनसलंय, इतक्या चांगल्या वागायला लागल्यात, मला भीती वाटते. हे म्हणाले, तू पण चांगली वाग, फिटंफाट.

गंमत म्हणजे टेम्पोवर ओरडणं पण बंद झालं. तोच टेम्पो परत आला, शटरसमोरच लागला. ताई उठून बाहेर गेल्या, ड्रायव्हरच्या काचेवर कार्ड धरलं आणि तो वाचून होईपर्यंत हलल्या नाहीत. काय लिहिलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. पण तो ड्रायव्हर अजूनही जाताना नमस्कार करतो.

एक कटकट होती फक्त. वरच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. पाच वाजले की मेला. मी ताईंना म्हटलं, तारवाल्यानं फसवलं, वर्षभर बदलून देतो म्हणाला होता, आणते त्याला. ताई नको नको म्हणत होत्या. राहू दे, चालतंय, उगीच म्हाताऱ्याला शिडी चढायला लावू नको. मी ऐकते कशाला.

तारवाला वर आला. फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला, डब्यांवर ठेवला, परत उचलला. मग भोकातून खाली वाकून बघितलं. मग मला विचारलं, बोलून झालं की फोन कसा बंद करता? मी म्हटलं, ठेवून देते. फोन ठेवला की बंदच होतो की.

"तो जुना," तो म्हणाला. "हा नुसता ठेवला तर चालूच राहतो. लाल बटण दाबावं लागतं. बॅटरी चांगली आहे बाई, तुम्हीच दिवसभर लाईनवर आहात."

मी टांगलेलं कार्ड दाखवलं, म्हटलं ह्यात लालचं कुठं लिहिलंय. त्यानं बोटानं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला, नंबराच्या खाली, ताईंच्या अक्षरात, "झालं की लाल दाब. विसरू नको."

सहा आठवडे. मी सहा आठवड्यांत काय काय बोलले होते ते सगळं एकदम आठवायला लागलं. कोंबडीचं स्टूल. घोरणं. त्यांच्या हिशेबीपणाला मी एकदा काय म्हणाले होते ते तर इथं लिहिता येणार नाही. आणि गाणी. मी गाते, आणि कशी गाते ते माझ्या नवऱ्याला विचारा.

भोकातून खाली बघितलं तर ताई स्पीकरवर हात ठेवून बसलेल्या, खांदे गदगदा हलत होते. आवाज नाही, नुसते खांदे.

तारवाला गेल्यावर मी खाली उतरले. तोंड वर करवेना. म्हटलं, पहिल्याच दिवशी सांगायचं ना ताई. त्या त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकोणीस वर्षं तू वरून मला नुसते रंग सांगितलेस. मला वाटायचं, हिला काही लागतच नाही."

मग मी विचारलं, सगळं ऐकलंत? म्हणाल्या, गिऱ्हाइकाचा फोन ठेवला की आतली लाईन आपोआप बोलायला लागायची, मी कान कुठं काढून ठेवू? मग म्हणाल्या, आणि ते पण ऐकलं.

ते म्हणजे काय ते मला कळलं. पहिल्याच आठवड्यात एकदा त्या ओल्या विटेच्या डब्यापुढं बसून मी गाठींशी बोलत होते. वेड्यासारखं. विरा गं बायांनो, त्यांचा आवाज नेऊ नका, खालून हाक आली नाही तर मी वर बसून करू काय. त्यानंतरच टेम्पोवरचं ओरडणं बंद झालं होतं. डॉक्टरचं ऐकलं नाही त्यांनी, डब्यांचं ऐकलं.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरनं परत आरसा घातला. मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते. म्हणाला, साफ आहे, काही नाही. ऑपरेशन नाही. मी तिथंच खुर्चीत बसले, पेशंट असल्यासारखी. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि डॉक्टरला म्हणाल्या, हिला पण जरा तपासा, ही फार बोलते. आवाज जरा बारीक झाला होता, पण ताईंचाच होता. पुढची चार वर्षं तुम्ही ऐकलात तो हाच.

लाल बटण मी त्यानंतरही दाबलं नाही कधी. त्यांनीही दाब म्हटलं नाही. बॅटरी तेवढी तारवाल्याकडून एक जास्तीची घेतली. बोलताना जरा सांभाळून बोलायचे मी आठवडाभर, मग परत होते तशीच झाले. ताईंना एखादी गोष्ट पटली नाही तर खालून स्पीकरवर दोनदा टिचकी मारायच्या. टक टक. म्हणजे पुरे.

आता खाली मी असते. ताईंची सून नोकरी सोडून दुकानात आली, ती वर. मी तिला पहिल्याच दिवशी कार्ड लिहून पाठवलं, हिरवं दाब आणि बोल, रात्री स्टँडवर ठेव. मागच्या बाजूला नंबराखाली काहीच लिहिलं नाही. सूनबाई या ग्रुपवर नाही, तेव्हा कुणी तिला सांगू नका. बॅटरी दोन आहेत.

पण मी खाली आले तरी ताईंच्या खुर्चीत बसत नव्हते. बाजूला एक स्टूल आहे, त्यावर बसून फोन घ्यायचे. ती खुर्ची ताईंची. काल दुपारी एक फोन ठेवला, तर स्पीकरमधून सूनबाई डब्यांना सांगत होती, "काकी त्या खुर्चीत बसत नाहीत आणि स्टुलावर कंबर मोडून घेतात. रोज संध्याकाळी कंबर धरून उठतात. मी कसं सांगू त्यांना? मी काल आलेली."

टिचकी मारायला बोट उचललं होतं. नाही मारली.

आज सकाळी येऊन खुर्चीत बसले. बसल्या बसल्या डावीकडं कलले. पाहिलं तर खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली बटणांची कार्डं घडी घालून सारलेली, दबून दबून पापडासारखी झालेली. तेवीस वर्षं या डुगडुगणाऱ्या खुर्चीत बसल्या आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलायला त्यांना माळा कुठं होता. सगळ्यांचं ऐकायला खाली त्या, त्यांचं ऐकायला कोण.

कार्डं काढून ठेवलीत मी, टाकली नाहीत. सुतार उद्या अकराला येतोय, तेवढा वेळ फोन सूनबाई उचलेल. तिला जुन्या कपाचा रंग अजून ओळखता येत नाही, तर जरा धीरानं घ्या.